अंगणातला वाळा आणि गावाचा खड्डा

धाराशिवात लव्हेंडर येतं ते फिनेलच्या बाटलीतून. नाही म्हणायला अगरबत्तीच्या पुड्यावर त्याचं चित्र असतं आणि गाडीच्या आरशाला टांगायचं एक कागदी झाडही मिळतं. त्यामुळे पुण्याहून सूनबाईचा फोन आला, "बाबा, आपल्या मागच्या अंगणात लव्हेंडर लावू या ना, उशीत घातलं की झोप छान लागते," तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी फोन माझ्याकडं देता देता विचारलं, "उशीत फिनेल कशाला?"

सूनबाईचंही काही चुकत नव्हतं. जम्मूकडच्या भदरवाहची जांभळी शेतं हल्ली मोबाईल उघडला की आपोआप समोर येतात. सीएसआयआरच्या जम्मूतल्या संस्थेनं तिथल्या शेतकऱ्यांना रोपं दिली, मका पिकवणारे लोक लव्हेंडरकडं वळले, 2022 साली तर त्याचा उत्सवही भरला. पण भदरवाहला हिवाळ्यात बर्फ पडतं. आमच्याकडं बर्फ पडतं ते गारपिटीचं, तेही नेमकं ज्वारी काढणीला आली की. लव्हेंडरला कोरडी हवा चालते म्हणे, पण गारवा लागतो. मे महिन्यात धाराशिवात रात्रीचा गारवा आम्हालाच मिळत नाही, त्याला कुठला देणार?

मग मी तिला म्हटलं, "लव्हेंडर राहू दे. घरचा वाळा काढण्याजोगा झालाय, तो देतो."

आमचा वाळा मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेला. दिसायला म्हणाल तर आलेला प्रत्येक पाहुणा "हे गवत काढून का टाकत नाही?" असं विचारून जातो. लव्हेंडरचं सगळं वर असतं. फूल वर, रंग वर, वास वर, त्यामुळे फोटोही चांगला येतो. काढणीसुद्धा कशी देखणी: हातात कात्री, कोपराला टोपली, डोक्यावर गवताची हॅट. वाळ्याचं सगळं जमिनीखाली. त्याच्या काढणीला पहार लागते, टिकाव लागतो, फावडं लागतं, आणि माझ्या वयाला रात्री कंबरेला चोळायला तेल.

पावसाळ्यात ठोंब लावला की दीड-दोन वर्षं त्याच्याकडं बघायचं नाही. मग हिवाळ्यात माती सुकली की पाती वीतभर ठेवून कापायची आणि बुंध्याभोवती खणायला घ्यायचं. वाळ्याची मुळं आजूबाजूला पसरत नाहीत, सरळ पाताळाकडं निघतात. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी भारतातल्या शेतकऱ्यांना बांधावर वाळा लावा, माती वाहून जाणार नाही, असं सांगितलं ते या मुळांच्याच जोरावर. जी मुळं वाहत्या पाण्याला माती सोडत नाहीत, ती एका निवृत्त कारकुनाला काय भीक घालणार? त्यात आमची माती वरती काळी आणि हातभर खाली मुरूम. मुरुमावर पहार बसली की ठिणगी आधी दिसते आणि आवाज मागून मणक्यात ऐकू येतो.

पण खरी अडचण मुरुमाची नव्हे, माणसांची. आमच्या जिल्ह्यात खड्डा ही खासगी बाब राहूच शकत नाही. गुडघाभर खोली झाली न झाली, तोच कंपाउंडवर पहिलं डोकं आलं.

"काय खंदायलाव काका? बोअर का?"

"नाही हो, वाळा काढतोय."

"आसं आसं," ते म्हणाले, आणि मागं वळून कुणाला तरी सांगितलं, "हातानंच आड खंदायलेत."

यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखातली आम्ही माणसं. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या आमच्या गल्लीबोळांतून अशा फिरतात की त्यांच्या नंबरपाट्या पोरांना पाठ आहेत. माणूस खाली खणतो आहे म्हणजे पाण्यासाठीच, एवढा साधा हिशेब. दुपारपर्यंत "पाणी लागलं का?" हा प्रश्न रस्त्यावरून जाणारा-येणारा प्रत्येकजण विचारू लागला. चारच्या सुमारास एक पाणाड्या स्वतः होऊन आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून त्यानं अंगणाला चक्कर मारली. नारळ उभा राहिला तो थेट आमच्या संडासाच्या टाकीवर. दोनशे फुटांवर भरपूर पाणी आहे, असं सांगून तो चहा पिऊन गेला.

संध्याकाळी चर्चेची पातळी उंचावली. गल्लीत एक निवृत्त इतिहासाचे सर आहेत. त्यांनी खड्ड्याच्या काठावर खुर्ची मागवून घेतली आणि आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर, त्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये आहे, इथून कापड भडोचला जाई आणि पुढं रोमपर्यंत व्यापार चाले, हे सगळं मला खणता खणता ऐकवलं. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू काय आकाशातून पडल्या का, अशाच मातीतून मिळाल्या ना, असा त्यांचा सवाल. त्यानंतर मात्र लोक "पाणी लागलं का?" विचारायचे थांबले. नुसतंच "काय लागलं?" विचारू लागले, तेही आवाज खाली आणून.

लागली ती मुळं. मातीच्या ढेकळासकट एक जटाधारी गोळा बाहेर आला तेव्हा जमलेल्या मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. मी तो घमेल्यात बुडवला. पहिलं पाणी काळं, दुसरं काळं, तिसरं चहासारखं. मुळं बोटांनी विंचरत गेलं की केसांएवढी बारीक, पिवळसर तपकिरी तंतूंची लड मोकळी होत जाते आणि मग एकदम वास सुटतो. थोडा मातीचा, थोडा ओल्या लाकडाचा, थोडा बंद देवघर उघडल्यासारखा. कंपाउंडवरची डोकी गप्प झाली. मग त्यांतल्या एका आजींनी हात पुढं केला, "थोडा द्या की आमच्या माठाला." तिथून वाटप सुरू झालं.

घरात सौभाग्यवतींनी वेगळाच हिशेब मांडला होता. माठातलं पाणी सुगंधी करायला मी टाकीतलं पाणी संपवलं होतं आणि नळ यायला अजून दोन दिवस होते. धुण्याचं पाणी तुळशीला घातलं, हे मी सांगून पाहिलं. ते जमेला धरलं गेलं नाही.

उरलेली मुळं सावलीत वाळली. एक जुडी पंचाच्या तुकड्यात बांधून माठात गेली. ती अधूनमधून काढून वाळवली की पुन्हा चालते. थोडी ट्रंकेत, इरकली लुगड्यांच्या घड्यांत, कारण कसर लागत नाही असा आईचा अनुभव. थोडी दिवाळीच्या उटण्यासाठी नागरमोथा आणि कपूरकाचरीच्या डब्यात. राहिलेली मी कूलरच्या एका बाजूच्या जाळीत कोंबली. अकबराच्या काळी वाळ्याचे पडदे दारात लावून त्यांवर पाणी शिंपडत, हे 'ऐन-ए-अकबरी'त आहे. बादशहाकडं शिंपडायला नोकर होते, आमच्या लोखंडी कूलरची मोटर बंद पडली की मी असतो. व्याही आले तेव्हा त्यांना माठातलं पाणी दिलं. त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला, वास घेतला आणि फार तहान नाही म्हणाले. खसचं सरबत हिरवं असतं एवढंच त्यांना ठाऊक. ते ज्या मुळाचं, ते तपकिरी असतं, हे बाटलीवर कुणी छापत नाही.

ठोंब पुन्हा लावले, पण या वेळी बूड कापलेल्या जुन्या तेलाच्या पिंपात, वाळू आणि शेणखत घालून. पिंप आडवं केलं की मुळं बाहेर. खणायचं नाही, म्हणजे विचारायला कुणी येणार नाही.

सूनबाईनं मात्र तिच्या वाट्याच्या मुळांच्या जांभळ्या कापडात छोट्या पोटल्या शिवल्या आणि सोसायटीत वाटल्या. सासऱ्यांच्या घरचं आहे, धाराशिवचं लव्हेंडरच समजा, असं सांगून मोकळी झाली. आता तिथल्या दहा-बारा बायकांना जानेवारीत गाडी करून आमचं 'लव्हेंडरचं शेत' बघायला यायचं आहे. पांढरे कपडे घालायचे का, असंही विचारलंय. मी घाबरून सौभाग्यवतींकडं पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "येऊ द्या की. तुळजापूरचं दर्शनही होईल त्यांचं. तेवढे मोरीकडचे जुने ठोंब काढायचे राहिलेत, तुम्ही शेजारून दोन पहारी मागून ठेवा."