काकाजींचं नाक

यवतमाळच्या बाजारात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आधी नाकाला लावून मग भाव विचारणारा माणूस दिसला, तर ते आमचे काकाजी समजावेत.

"डोये फसतात बावा, नाक नाई फसत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टरबूज ते टिचकी मारून पाहत नाहीत, देठाशी हुंगतात. नवा दुपट्टा घेताना दुकानदारादेखत त्यात तोंड खुपसतात. एकदा डॉक्टरांच्या गोळ्यांचं पाकीट हुंगून "ह्या लागू नाई पडत" असा निकाल देऊन टाकला. गोळ्या लागू पडल्या. काकाजींनी ते अजून मान्य केलेलं नाही.

एवढ्या पक्क्या नाकाचा माणूस बाजारात कशाला फसेल? काकूंना विचारा. साखर आणायला गेलेले काकाजी दोन लिटर जवसाचं तेल घेऊन येतात. वाटेत तेलाचा घाणा लागतो. तो वास आला की त्यांना आईची चूल दिसते, भाकर दिसते, आणि साखर राहते ती राहतेच.

"साखर कुठी हाय?"

"अवं, वास तं घेऊन पाय!"

घरात ते तेल दुसरं कोणी खात नाही.

प्रेसवाल्याचा तर त्यांच्यावर फार जीव. घडी न मोडलेले सदरेसुद्धा काकाजी त्याच्याकडे टाकतात आणि कोळशाच्या इस्त्रीपाशी उभे राहतात. त्या धुरात त्यांना शकुंतला भेटते. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी; ती १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावायची. काकाजींचं सासर त्याच वाटेवरचं. इंजिनात दगडी कोळसा असायचा आणि इस्त्रीत लाकडी असतो, दोन्हींचा वास वेगळा, हे त्यांच्यापुढे काढायची सोय नाही. नाक कोणाचं पक्कं आहे?

पुतण्याने एकदा त्यांना शास्त्र ऐकवलं. पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींची वर्दी मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबते. वासाची मात्र तो नाका टाळून भावना आणि आठवणींच्या मोहल्ल्यात थेट शिरते. वास ओळखण्याची नाकातली यंत्रणा उलगडली म्हणून रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं.

काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्या कचोरीवाल्याले हे पयलेच मालूम हाय," ते म्हणाले. "कढई काहून मांडली त्यानं रस्त्यावर? आतमंधी जागा नाई का?"

एवढं बोलून ते उठले, चपला घातल्या आणि कचोऱ्या आणायला गेले. आल्यावर पिशवीतून अत्तराची कुपीही निघाली. कनोजचं मातीचं अत्तर, पहिल्या पावसाच्या वासाचं. बाहेर तेव्हा पाऊसच पडत होता.

तुमच्याही घरी असे काकाजी असतील, तर त्यांना बाजारात खुशाल पाठवा. भाजी, धान्य, फळ उत्तमच येईल. फक्त पैसे मोजून द्या, आणि सर्दी झाली असेल त्या दिवशी पाठवलंत तर साखरसुद्धा येईल.