पांडुरंग सांगवीकर मोठा कसा?

आमच्या सावद्यात ‘कोसला’ कादंबरीचा विषय निघाला, की तिच्या नायकाबद्दल, पांडुरंगाबद्दल, एखादा केळीवाला बाप हमखास म्हणतो, “बापाचे पैसे उडवले, नापास झाला, घरी येऊन रिकामा बसला. याला कशाला मोठं म्हणायचं?” प्रश्न रास्त आहे. घड कापून, ट्रक भरून, भाव पडलेला असतानाही पोराची फी भरणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. प्राध्यापक मंडळी अस्तित्ववादाचं नाव घेऊन त्याला गप्प करतात, ते मला पटत नाही.

पांडुरंग आपल्याच मुलखातला. ‘कोसला’चे लेखक भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ साली कादंबरी आली तेव्हा पंचविशीतले, त्यांचा नायकही पंचविशीतला. तो पुण्याला शिकायला जातो, होस्टेलात पुढारपण करतो, मेसचा कारभार अंगावर घेऊन तोट्यात घालतो. भुर्दंड बापाला. यातलं काहीही झाकायचं कारण नाही.

पण त्याआधी चारच वर्षं, १९५९ साली आलेल्या खांडेकरांच्या कादंबरीतला ययाती बघा. बापाने मुलाचं तारुण्य मागून घेतलं! त्यापुढे मेसची उधारी ती काय? तरी ययातीला आपण सांभाळून घेतो, कारण तो राजा आहे आणि शेवटी त्याला उपरती होते. पांडुरंग अशी सोय करून ठेवत नाही. स्वतःचं वकीलपत्रही घेत नाही. कुठे फुशारकी मारली, हिशेबात कुठे घसरलो, अभ्यास कसा बुडाला, सगळं आपणच मांडतो.

आणि मनी. धाकटी बहीण देवीच्या आजाराने जाते, तेव्हा हा लांब पुण्यात. आतापर्यंत दिसेल त्याची टिंगल करणारा पोरगा तिथे आतून फाटतो. पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत बुद्धापुढे उभा राहिला तरी मनी त्याची पाठ सोडत नाही. मराठीत बहिणीच्या मरणावर इतकं उघडं लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही. बापाला पैशापायी छळणारा आणि मनीसाठी तुटणारा, हे दोघे एकाच कातड्यात राहतात. नेमाड्यांनी त्यांतल्या एकालाही बाहेर काढलं नाही.

म्हणून पांडुरंगाला मी मोठा म्हणतो. चांगला म्हणणार नाही. बापाचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो मागायचा सावद्याच्या बापांना पुरेपूर हक्क आहे. फक्त पुस्तक न वाचता मागू नये. इथली पोरं आजही पुण्याला शिकायला जातात, रात्री घरी फोन करून सगळं ठीक आहे म्हणून सांगतात. ती फोनवर काय सांगत नाहीत, ते ‘कोसला’त आहे.