शिक्का पाहिजेच!

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पंधरा रुपये भरा, उतारा घ्या. तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्यावरच छापलेलं. तरी काउंटरवरचे भाऊसाहेब तो उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, “शिक्का कुठंय?” छापील ओळीवर बोट ठेवलं, तर म्हणतात, “ते बरोबर आहे हो, पण साहेब ऐकत नाहीत.”

ई-ऑफिसचंही तेच. फाइल संगणकावर येते, तिची प्रिंट निघते, प्रिंटवर साहेब पेनानं शेरा मारतात आणि तो कागद स्कॅन होऊन पुन्हा संगणकात जातो. बायोमेट्रिक हजेरी मात्र चोख. पावणेदहाला अंगठा मशीनवर, दहाला अंगठ्याचे मालक टपरीवर.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं सेवांना मुदत घातली, चुकार अधिकाऱ्याला दंडही ठेवला. पण मुदत सुरू व्हायची तर आधी अर्ज दाखल व्हायला हवा, आणि सर्व्हर डाऊन असेपर्यंत तो होत नाही. सर्व्हरला दंड करता येत नाही, हा बारकावा साहेबांना कायदा वाचायच्या आधीच कळला होता.