लाटावे कसे : नवशिक्यांसाठी

मराठी शब्दकोशात 'लाटणे' दोनदा भेटते. एकदा नाम म्हणून : नपुंसकलिंगी, लाकडी, पोळपाटावर आडवे पडलेले. एकदा क्रियापद म्हणून : सकर्मक, आणि अर्थाने दुतोंडी. कणकेचा गोळा पसरून पातळ करणे हा एक अर्थ, दुसऱ्याचे बळकावणे हा दुसरा. पहिला अर्थ घरात शिकवतात. दुसऱ्याची शिकवणी वर्तमानपत्रे रोज घेतात. तरीही हौशी मंडळी दोन्हींत घोळ घालतात, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी पोळी. कणीक सैलसर भिजवावी, तेलाचा हात लावून नीट तिंबावी आणि अर्धा तास झाकून ठेवावी. घाई केली तर लाटलेली पोळी हट्टाने परत आक्रसते. मग लाटी घेऊन पुरीएवढी लाटावी, तेलाचे बोट फिरवावे, पिठी भुरभुरावी, अर्धी घडी घालावी, पुन्हा अर्धी. हा त्रिकोण पिठीत बुडवून लाटायला घ्यावा. जोर कडांवर, मध्यावर नव्हे. हात हलका असला की पोळी पोळपाटावर आपली आपण फिरते. ज्याला ती दर वेळी उचलून फिरवावी लागते, त्याच्या पोळीचा नकाशा होतो. पुरीला मात्र पिठी नको, तेल लावावे. पिठी कढईत उतरून जळते आणि पुढच्या पुऱ्यांवर काळे ठिपके येतात.

आता दुसरा अर्थ. इथली पहिली अट अशी, की माल दुसऱ्याचा हवा. स्वतःची पोळी लाटता येते. स्वतःचा भूखंड लाटता येत नाही, तो नुसताच 'घेतलेला' असतो. दुसरी अट व्याकरणाची. 'मी वीस पोळ्या लाटल्या' हे वाक्य घरोघरी, बहुधा कंबरेवर हात ठेवून, ऐकायला मिळते. 'मी अनुदान लाटले' असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. या अर्थाचे क्रियापद तृतीय पुरुषातच रमते, आणि छापून येताना 'लाटल्याचा आरोप' असा जोडीदार घेऊन येते.

नवशिक्याने एकदम भूखंडाला हात घालू नये. त्याला सातबारा असतो, फेरफार असतात, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणारा एखादा निवृत्त गृहस्थ असतो. सुरुवात श्रेयापासून करावी. श्रेयाला सातबारा नसतो. गल्लीतले गटार कधी पूर्ण होते यावर नजर ठेवावी आणि सिमेंट ओले आहे तोवर चौकात फ्लेक्स चढवावा. हात जोडलेला फोटो मोठा, गटाराचा लहान, मधोमध 'पाठपुराव्याला यश', खाली शुभेच्छुकांचे चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे. विरोधी गटाचा फ्लेक्स आधीच लागला असेल तर त्याच खांबावर एक हात वर जागा पाहावी. ज्याने खड्डा खणला त्याचे नाव कुठे घालायचे, हा प्रश्न या शास्त्रात उद्भवतच नाही.

ज्यांना लाटणे जमत नाही त्यांनी भाकरीकडे वळावे, ती थापतात. थापा मारणे हा त्यापुढचा अभ्यासक्रम, आणि त्यात कोणाला मार्गदर्शनाची गरज दिसत नाही.

राहिले नाम. व्यंगचित्रकारांनी ते दाराआडच्या बायकोच्या हातात देऊन त्याची फार हेळसांड केली. त्याचा खरा सार्वजनिक उपयोग १९७० च्या दशकात मुंबईने पाहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई भडकली होती, तेल आणि साखर मिळेनाशी झाली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने बायकांना रस्त्यावर आणले. हातात थाळी आणि लाटणे, घोषणा साठेबाजांविरुद्ध. 'लाटणे मोर्चा' हे नाव तेव्हाच रूढ झाले. क्रियापदाच्या दुसऱ्या अर्थावर नामाने केलेली एवढी थेट कारवाई मराठीत दुसरी नाही.

दोन्ही अर्थ एकत्र नांदवायचेच असतील, तर गिरगावातले एक उदाहरण अभ्यासावे. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी पुडकी झाली चार. तीच पुढे 'लिज्जत' झाली. उसने पैसे परत केले गेले, हे या विषयात मुद्दाम नोंदवायला हवे. संस्थेतली प्रत्येक सभासद बहीण सहमालक असते; सकाळी भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून आणून द्यायचे, मजुरी घ्यायची. त्या मजुरीला तिथे गुजराती वळणाने 'वणाई' म्हणतात, म्हणजे वादग्रस्त क्रियापदाला हातही लावलेला नाही. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एरवी जो मालक असतो तो लाटतो. इथे जी लाटते ती मालक असते.