ऐंशी रकान्यांचे काका

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा निरोप तुकड्यातुकड्यांनी येतो. दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला '१' असतो, तिसऱ्याच्या सुरुवातीला '२'. नव्या भाडेकरूंना वाटतं काका मुद्दे मांडतायत, म्हणून ते मुद्दे मोजायला बसतात. मुद्दा एकच असतो, की टाकी धुवायची असल्यामुळे उद्या पाणी नाही. पण काका फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकले ते पंचकार्डावर. कार्डाला रकाने ऐंशी, त्यातले सात ते बहात्तर एवढेच वाक्याचे. वाक्य तेवढ्यात मावलं नाही तर पुढच्या कार्डावर सहाव्या रकान्यात एक आकडा पंच करायचा, म्हणजे यंत्राला कळायचं की मागचंच पुढे चालू आहे. यंत्रं भंगारात गेली, तरी सहावा रकाना काकांनी सोडलेला नाही.

असा एक माणूस मुंबईच्या बहुतेक जुन्या वस्त्यांत सापडतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा देशभरातले शास्त्रज्ञ आपापले कार्डांचे गठ्ठे तिकडे पाठवायचे. काकांची झेप एवढी नव्हती. ते एका कंपनीच्या संगणक खात्यात होते. पण थोरवीत ते कुलाब्यालाही हार गेलेले नाहीत. त्यांच्या लेखी भारताच्या इतिहासाचे दोनच कालखंड आहेत, आयबीएम होती तेव्हाचा आणि १९७८ साली आयबीएम गेली त्यानंतरचा. दुसऱ्या कालखंडाबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

पहिल्याबद्दल मात्र बोलतात. त्यांना वायफायचा पासवर्ड विचारला तरी सुरुवात हॉलेरिथपासून होते. १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथने भोकं पाडलेल्या कार्डांवर माणसं कशी मोजली, त्याच्याही आधी जकार्डच्या मागावर कार्डांनी नक्षी कशी उमटायची, मग आयबीएमने १९२८ साली ऐंशी रकान्यांचं कार्ड कसं आणलं. पासवर्ड येईपर्यंत पाहुण्याचा डेटापॅक संपलेला असतो.

कार्डं अजून त्यांच्याकडे आहेत. निवृत्तीच्या वेळी लोक घड्याळ घेऊन घरी येतात, काका कोऱ्या कार्डांचे खोके घेऊन आले. एका खोक्यात दोन हजार. वाण्याची यादी कार्डावर, दुधाचा हिशोब कार्डावर, पोथीत खूण म्हणून कार्ड. सदऱ्याच्या खिशात कार्ड रुंदीला बरोबर बसतं आणि उंचीला निम्मं बाहेर डोकावतं. त्या डोकावणाऱ्या भागावरून काका लांबून ओळखू येतात. कोऱ्यांबरोबर काही पंच केलेली कार्डंही आहेत. अशी कार्डं डॉक्टर एक्स-रे बघतात तशी ट्यूबलाइटसमोर धरून ते वाचतात. आकड्याला एक भोक, अक्षराला दोन. ए म्हणजे बारा-एक, जे म्हणजे अकरा-एक, एस म्हणजे शून्य-दोन. सोसायटीतल्या मुलांना हे जादूसारखं वाटायचं. अलीकडच्या मुलांना वाटत नाही. "काका, यावर क्यूआर कोड का नाही टाकला?" असं एकाने विचारलं, तेव्हा काका दोन दिवस गच्चीवर फिरायला आले नाहीत.

माणूस घडतो तो पगाराने नाही, वाट बघण्याने. संध्याकाळी गठ्ठ्याला रबर लावून तो संगणकाच्या खोलीच्या खिडकीत द्यायचा. खोली वातानुकूलित, आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. काका अजूनही मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर चपला काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून गठ्ठा परत यायचा, सोबत घड्यांचा छापील कागद. कागद जाड असला तर आनंद. पातळ असला, म्हणजे दोनच पानं असली, तर कुठेतरी स्वल्पविराम राहिलेला. एका स्वल्पविरामापायी एक अख्खा दिवस. तो दुरुस्त करून पुन्हा खिडकीत, पुन्हा उद्या.

म्हणून काका आधी कागदावर तपासतात. एकदा डोळ्यांनी, एकदा बोट ठेवून, एकदा मोठ्याने. रेल्वेचं तिकीट असो, लग्नपत्रिकेचा मजकूर असो, मेथीची जुडी असो. त्यांचा पुतण्या हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. तो गणपतीत घरी आला असताना लॅपटॉपवर काहीतरी टायपून म्हणाला, "रन करून बघतो." काकांच्या हातातला मोदक ताटात पडला.

"रन करून बघतो म्हणजे? आधी बघ, मग रन कर!"

"अहो काका, चुकलं तर दाखवतो ना तो. दोन सेकंदांत."

दोन सेकंद हा शब्द काकांना फार लागला. तेवढा अपमान दिवसभर पुरला.

चुकीचं त्यांना भय आहे, कारण भोक बुजवता येत नाही. भोकांतून पडलेला चुरा पुन्हा भोकात बसवून कार्ड वाचवणारे महाभाग खात्यात होते, पण ती कार्डं रीडरमध्ये आपला चुरा सोडून देत आणि ऑपरेटर शिव्या घालत. सरळ मार्ग वेगळा होता. ०२९ हे पंचाचं यंत्र. चुकलेलं कार्ड वाचायच्या जागी सरकवायचं, कोरं कार्ड त्याच्या मागे पंचाखाली, आणि डुप्लिकेटची कळ दाबून धरायची. यंत्र खडखडत एकेक रकाना उतरवत जायचं. चूक एकतिसाव्यात असली तर तिसाव्यावर बोट उचलायचं, बरोबर अक्षर दाबायचं, पुन्हा कळ धरायची. बोट एक क्षण उशिरा उचललं तर यंत्र इमानाने चूकही उतरवायचं. काका हे सांगताना हवेत बोट धरतात, डोळे मिटतात आणि तिसाव्याला उचलतात. मी पुष्कळदा पाहिलं आहे, चुकत नाहीत.

बाकी खुणा सांगायच्या तर चेकवर ते शून्याला तिरपी रेघ मारतात. कोडिंगच्या कागदावर शून्य आणि ओ यांची गल्लत होऊ नये म्हणून लागलेली सवय. बँकेतली मुलगी म्हणते, "काका, खाडाखोड चालत नाही." फोटोंचे अल्बम, पासबुकं, दिवाळी अंक, एकावर एक रचलेल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर मार्करची तिरकी रेघ आहे. एखादा अंक उपसून भलत्या जागी ठेवला की रेघ तुटते आणि काकांना लगेच कळतं की सून येऊन गेली. मुलाच्या लग्नातल्या आमंत्रितांची यादी त्यांनी दहा, वीस, तीस अशा क्रमांकांनी केली होती, म्हणजे मध्ये कोणी घालायचा झाला तर जागा असावी. केटररने शेवटचा आकडा वाचला आणि तीन हजार पानांची तयारी केली. पावसात ते छत्री पिशवीवर धरतात, डोक्यावर नाही. कार्डं दमट हवेत फुगत आणि रीडरमध्ये अडकत. आता पिशवीत भाजी असते.

या सगळ्याला एक माणूस पुरून उरला आहे. काकू. त्या त्याच खात्यात व्हेरिफायरवर होत्या. एका मुलीने पंच केलेल्या कार्डावरचा मजकूर दुसरीने पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचा. हे यंत्र भोकं पाडत नाही, आधीच्या भोकांशी ताडून बघतं. जुळलं नाही की कळा अडतात आणि दिवा लागतो. तीनदा जुळलं नाही तर चुकीच्या रकान्यावर वरच्या कडेला खाच. सगळं जुळलं तर उजव्या कडेला खाच. संसारातही हीच वाटणी राहिली. काका बोलतात, काकू ताडून बघतात.

कार्डं सांडल्याची गोष्ट या जमान्यातल्या प्रत्येकाकडे असते, तशी काकांकडेही आहे. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कार्डं पाचशे होती आणि जिना एका मजल्याचा. गेल्या कोजागरीला गच्चीवर ती दोन हजारांवर गेली होती, चौथ्या मजल्यावरून खाली, आणि वर पंखा.

"रात्रभर!" काका म्हणाले. "रात्रभर बसून एकेक कार्ड लावलं."

"चारशे," काकू मसाला दूध ओतता ओतता म्हणाल्या. "तीन पायऱ्या होत्या. आणि रात्र कसली? क्रमांक पंच केलेले होते, मी सॉर्टरवर टाकली. दहा-दहाने क्रमांक, शेवटी शून्यच, म्हणजे तीनच रकान्यांच्या फेऱ्या. मिनिटाला हजार कार्डं जायची त्यातून. चहा यायच्या आत झालं."

गच्चीवर कोणीतरी हसलं. काकांनी पेला खाली ठेवला.

"पण क्रमांक पंच करून ठेवा असं सांगितलं कोणी होतं?"

"मी," काकू म्हणाल्या. "आणि दूध निवतंय."