चढावर लय मोडणारे

सिंहगडाच्या घाटात माझ्या सायकलशेजारी बाइक आणून ‘काका, गियर टाका’ असं सांगणारा माणूस दर रविवारी वेगळा असतो. वाक्य मात्र तेच असतं. गेली कित्येक वर्षं मी ते ऐकतो आहे आणि आज त्याला सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं आहे, कारण घाटात ते देता येत नाही. तिथे श्वास मोजून वापरायचा असतो. ‘टाकलाय’ एवढा एक शब्द बोलायला एक श्वास जातो आणि तो परत मिळवायला पायडलचे पुढचे वीस-पंचवीस फेरे लागतात.

त्याला असं का वाटतं ते मला ठाऊक आहे. माझे पाय भराभर फिरताना दिसतात आणि सायकल मात्र हळू चाललेली असते. म्हणजे काहीतरी चुकतंय, पाय वाया चाललेत, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात चढावर हेच बरोबर आहे. पाय भराभर आणि चाक सावकाश. या एका गोष्टीवर चढ चढायचं सगळं तंत्र उभं आहे, आणि आजूबाजूचं सगळं जग तीच मोडायला टपलेलं असतं अशी माझी तक्रार आहे.

थोडा हिशेब मांडतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि सिंहगड १३१२ मीटरवर. मधली साडेसातशे मीटर उंची कुणालाच चुकत नाही. स्वतःचं वजन आणि सायकलचं वजन मिळून जे काही होईल, ते तेवढं वर उचलायचंच आहे. ते किती छोट्या घासांत उचलायचं, एवढंच आपल्या हातात असतं. जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८ असायचे. पायडलचा एक फेरा मारला की ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जायची. ताशी आठ किलोमीटरने चढ चढायचा तर मिनिटाला जेमतेम पंचवीस फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर सगळा भार. साध्या २१ गियरच्या सायकलला पुढचं सगळ्यात छोटं चक्र बहुधा २४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं २८ दात्यांचं असतं. त्या जोडीवर एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर सरकते. वेग तोच ठेवला तर मिनिटाला पंचाहत्तर फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर एक तृतीयांशावर येतो. मांड्या लवकर भरून येत नाहीत, गुडघे कुरकुरत नाहीत. दम लागतो, पण दम दोन मिनिटांत परत येतो. पेटका आलेली मांडी त्या दिवशी परत येत नाही.

इथे माझी दुसरी तक्रार सुरू होते, ती सायकलच्या दुकानांबद्दल. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला तिच्या वडिलांनी २१ गियरची सायकल घेऊन दिली. दुकानदाराने देताना सांगितलं, ‘पुढचे गियर हलवू नका, चेन पडते.’ दोन वर्षं तिने ते पाळलं आणि चढ आला की उतरून सायकल ढकलली. मी एकदा ती सायकल उलटी करून पाहिली. पुढच्या तीन चक्रांपैकी मधलं काळं आणि तेलकट झालं होतं. छोट्या चक्राच्या दात्यांवरचा रंग कारखान्यातून आला तसाच होता. ज्या चक्रासाठी पैसे मोजले त्याला चेन एकदाही लागली नव्हती. चेन पडते, कारण ती बाजूला ढकलणाऱ्या यंत्राचे दोन छोटे स्क्रू कुणी लावून दिलेले नसतात. तिचे ते स्क्रू मी लावले. एक स्क्रूड्रायव्हर आणि दहा मिनिटं लागली. सायकल विकणाऱ्याने ती दहा मिनिटं द्यायलाच हवीत.

सीटचंही तेच. दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट लावून देतात आणि ‘बसून बघा, आरामात आहे ना’ म्हणतात. थांबलेल्या सायकलवर ती आरामात असते. चढावर मात्र गुडघे छातीकडे येतात आणि पाय पुरता सरळच होत नाही, म्हणजे जोर अर्ध्यावरच संपतो. सोपी खूण सांगतो. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. टायरच्या कडेला हवेचा दाब आकड्यात छापलेला असतो, तरी हवा अंगठ्याने दाबून तपासली जाते. मऊ टायर घेऊन चढणारा माणूस घाटाशी लढतो आणि टायरशीही.

तिसरी तक्रार ‘उभं राहून मारा’ या सल्ल्याची. उभं राहून जोर वाढतो हे खरं, कारण अंगाचं वजन पायडलवर येतं. पण मग ते वजन हात, खांदे आणि कंबर यांना तोलून धरावं लागतं आणि छातीचे ठोके लगेच चढतात. एखादा छोटा उभा टप्पा पार करायला, किंवा बसून अवघडलेल्या कमरेला मोकळं करायला, वीस-तीस फेऱ्यांपुरतं उभं राहावं. तेही आधी एक गियर जड करून, नाहीतर पायडल पायाखालून सटकतं. बाकी लांब घाट बसूनच चढायचा. हात हँडलवर सैल, कोपर थोडे वाकलेले, नजर दहा-पंधरा मीटरवर.

गियर बदलायचा तो चढ पायाला जाणवण्याआधी. हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं. चढ अंगावर आल्यावर, पाय जोरात दाबलेला असताना खटका ओढला की चेन ताणाखाली एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. आधी करकर ऐकू येते, मग खाडकन आवाज होतो आणि चेन निसटते. चढ दिसला की दोन फेरे हलक्या पायाने मारावेत आणि त्याच वेळी गियर उतरवावा. एवढीच ती कला. पण ती साधायला समोरचा रस्ता आपला असावा लागतो, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथेच आहे.

घाटातल्या वळणाचा आतला भाग सगळ्यात उभा असतो आणि बाहेरचा त्या मानाने सौम्य, कारण तेवढीच उंची बाहेरून लांब अंतरात विभागली जाते. डावीकडे वळणारा चढ आला की आपली कड म्हणजेच आतली बाजू. म्हणून मी मागे बघतो, हात दाखवतो आणि हात-दोन हात उजवीकडे सरकतो. नेमक्या त्या क्षणी मागून हॉर्न वाजतो. मी कडेला दाबला जातो. कडेला डांबरावर डांबर चढून पायरी झालेली असते आणि तिच्याखाली खडी. चाक खडीत घसरतं, मी पाय टेकतो. मोटार निघून जाते आणि पुढच्याच वळणावर उतरणाऱ्या गाडीसाठी थांबलेली दिसते.

पाय टेकणं म्हणजे काय हे मोटारीतल्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगतो. उभ्या चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू होताना पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच तोल सावरायचा असतो, आणि दुसरा पाय पायडलवर येईपर्यंत सायकल मागे यायला लागते. ती रस्त्यावर तिरकी घेऊन, चढ थोडा सौम्य करून निघावं लागतं. म्हणजे पुन्हा रस्त्याच्या मधे यावं लागतं, आणि पुन्हा हॉर्न. श्वास आणि पाय यांची जुळलेली लय मोडली की ती परत बसायला पाच मिनिटं जातात. मोटारीचे पाच सेकंद वाचावेत म्हणून माझी ही पाच मिनिटं जातात.

आता थोडं आमच्याच मंडळींबद्दल. हलका गियर वापरणं कमीपणाचं मानणारे सायकलस्वार आहेत. ‘मी अख्खा घाट मोठ्या चक्रावर चढलो’ असं ते सांगतात. हा समज जुना आहे. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण चालत्या सायकलवर गियर बदलणाऱ्या यंत्राला तिथे १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. तोवर स्पर्धक चढ आला की खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर पुढे जायचे. १९१० साली पिरेनीज पर्वतातल्या तूर्माले खिंडीत ऑक्ताव्ह लापीझ सायकलवरून उतरला आणि चालत चढला. त्या वर्षीची टूर त्यानेच जिंकली. उतरून ढकलणाऱ्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि वजन. दोन किलो हलकी सायकल घेण्यासाठी लोक मोठाली रक्कम मोजतात. सायकल आणि माणूस मिळून पंच्याऐंशी किलो धरले तर दोन किलो म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. तासाभराच्या चढावर दीड मिनिट. योग्य गियर, योग्य सीट आणि टायरमध्ये पुरेशी हवा यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि घाट पूर्ण होणार की अर्ध्यावर सुटणार हे त्यांच्यावर ठरतं.

त्या मुलीने गेल्या महिन्यात पहिल्यांदा छोटं चक्र वापरून, सायकलवरून न उतरता घाट पूर्ण केला. वर आल्यावर तिने दही मागवलं आणि मला विचारलं, ‘काका, हे दुकानात का नाही सांगितलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून दोनच विनंत्या. सायकल विकणाऱ्यांनो, गिऱ्हाइकाला पुढचा गियर एकदा टाकून दाखवा. आणि घाटात मोटार चालवणाऱ्यांनो, पुढे सायकल दिसली तर हॉर्न वाजवू नका. वळण संपेपर्यंत मागे राहा, मग पुरेशी जागा सोडून पुढे जा. आम्ही हळू चाललेलो असतो, थांबलेलो नसतो.