वाकेन पण चालेन

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आमच्या घराण्याचा बाणा. म्हणजे होता आजोबांचा. वडिलांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला आणि मी तीस वर्षं कचेरीत साहेबांपुढे वाकून संध्याकाळी घरी येऊन तो वाचला. निवृत्तीनंतर तरी ताठ उभं राहू, असा बेत होता. नेमका कणाच आडवा आला.

ताठ उभा राहिलो की दोन मिनिटांत कमरेतून कळ निघायची, मांडीमागून पोटरीत उतरायची आणि तळपायाला मुंग्या यायच्या. जरा ओणवा झालो की सगळं गायब! मॉलमधल्या ढकलगाडीवर रेलून मी तासभर हिंडायचो. गाडी परत केली की दार गाठणं कठीण. बायकोला वाटलं, उतारवयात यांना किराणा आवडायला लागला. देवळात मात्र आरती संपेपर्यंत उभं राहवेना. कमरेवर हात ठेवून ताटकळणाऱ्या विठोबाकडे मी प्रथमच समदुःखी म्हणून पाहिलं.

निर्गुडीचा शेक झाला, महानारायण तेल झालं, कंबरपट्टा झाला. मग खालच्या मजल्यावरच्या वहिनी पायाळू असल्याचा शोध लागला. उसण भरलेल्या पाठीला पायाळू माणसाचा पाय लागला की ती उतरते, हे आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. मी सतरंजीवर पालथा झालो. ‘वयानं मोठे आहात हो,’ म्हणत वहिनींनी आधी नमस्कार केला, मग लाथ घातली. पार्किंगवरून आमचं वाजलेलं असल्यामुळे काम अगदी मन लावून झालं.

शेवटी एमआरआय काढला. डॉक्टरांनी प्लास्टिकचा कणा हातात घेतला. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, पुढे नुसता नसांचा झुबका. त्याला लॅटिनमध्ये चक्क ‘घोड्याचं शेपूट’ म्हणतात. माझं शेपूट चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी दारात चेंगरलं होतं.

“तुमच्या सोसायटीचा जिना आठवा,” डॉक्टर म्हणाले. “एकानं चपलांचं कपाट ठेवलं, दुसऱ्यानं सायकल, तिसऱ्यानं तुळस. जिना तेवढाच, वाट अरुंद. इथे गादी फुगलीय, सांधे वाढलेत, मागचा अस्थिबंध जाड झालाय. ताठ उभं राहिलं की त्याला घड्या पडतात आणि तो नसांवर चेपतो. वाकलं की ताणला जातो, वाट मोकळी होते.”

म्हणजे आजोबांचा बाणा शरीरशास्त्राच्या साफ विरुद्ध होता!

“ऑपरेशनच करावं लागेल?”

“पुष्कळांचं व्यायामानं, गोळ्यांनी भागतं. तुमचे सहा महिने त्यात गेले आणि कोपऱ्यावरचं दुकानही लांब झालंय. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाऊल लुळं पडलं, तर मात्र लगेच या. तेव्हा विचार करत बसायचं नाही.”

मणक्यामागच्या हाडाच्या कमानीचा तुकडा काढायचा, जाड अस्थिबंध खरवडायचा आणि नसांना जागा करून द्यायची. थोडक्यात, अतिक्रमण हटाव. शस्त्रक्रियेचं नाव लॅमिनेक्टमी. बायकोनं फोनवर सगळ्यांना ‘लक्ष्मीकटमी’ सांगितलं, आणि बिल पाहिल्यावर मला तेच बरोबर वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मला उभं केलं. जखम दुखत होती, पण पायातली ती ओळखीची कळ आलीच नाही. मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत ताठ चालत गेलो आणि भिंतीशी पोचल्यावर, पुढे काय करायचं ते न सुचून, परत आलो.

घरी सोडताना कागदावर लिहून मिळालं: सहा आठवडे वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, वजन उचलायचं नाही. उठायचं तेही ओंडक्यासारखं आख्खं कुशीवर होऊन. तीन पिढ्यांचा बाणा अखेर सही-शिक्क्यानिशी हातात पडला. मी तो आजोबांच्या चौकटीखालीच चिकटवला. पडलेला पेपर, चश्मा, रिमोट, सगळं बायको उचलू लागली. घराण्याचा बाणा चालवायला वाकणारं माणूस दुसरंच लागतं, हे आजीला ठाऊक असणार.

आठवड्यानं खालच्या वहिनी शिरा घेऊन आल्या. माझी चाल निरखून म्हणाल्या, “बघा! निम्मं काम माझ्या लाथेनंच झालं होतं.”

डॉक्टरांनी कंबर वाकवायला मनाई केली होती, मान तुकवायला नव्हती. मी तुकवली. शिरा गरम होता.